लाल वायरचं टोक

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात गेटवरच्या केबिनमधून सूचना झाली, "अमोनिया सुटलाय. हातातलं काम टाका आणि सगळ्यांनी मैदानात या." आवारातल्या अठरा भोंग्यांपैकी चौदांमधून ती इतकी खणखणीत वाजली की रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्यानंसुद्धा घाईघाईनं स्टोव्ह बंद केला. पॅकिंग हॉलमधले चार भोंगे मात्र मुके राहिले.

हॉलमध्ये नऊ बायका दूध पावडरच्या पिशव्या भरत होत्या. वास नाकात शिरला तेव्हा आठजणी तोंडाला पदर लावून बाहेर धावल्या. नववी फुलाबाई, कन्हेरीची. ती अगदी टोकाच्या मशीनवर होती आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडेच कोल्ड स्टोरेज होतं. तिला उचलून आणेपर्यंत फार उशीर झाला. दुपारी तीनच्या सुमाराला दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

गुरुवारी सकाळी साजिया त्या हॉलच्या दारात उभी होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात मीटर. वय एक्केचाळीस. भिगवण रस्त्यावरच्या 'दस्तगीर साउंड'ची ती मालकीण. दुकानाला नाव वडिलांचं. वडील आता इंदापूर तालुक्यात, बावड्याला घरी असत. बारा वर्षं दुकान तीच चालवत होती, धाकट्या भावाला, तौसिफला, हाताशी घेऊन. या प्रकल्पातली भोंग्यांची सगळी वायरिंग तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतः केली होती.

"हात लावायचा तो माझ्यासमोर," फौजदार दादासाहेब म्हणाले. "आणि काय करताय ते मला कळंल असं बोलत करा."

साजियानं दाराशेजारच्या भिंतीवरची डबी दाखवली. डबीवर आवाज कमी-जास्त करायचं बटण. "साहेब, हॉलमध्ये दिवसभर गाणी चालतात, किरकोळ निरोप चालतात. नको असलं की हे बटण शून्यावर न्यायचं, आवाज बंद. पण धोक्याची सूचना बटण शून्यावर असलं तरी पूर्ण आवाजात वाजलीच पाहिजे. म्हणून गेटपासून इथवर तीन वायरी आणल्यात. काळी आणि पांढरी रोजच्या आवाजाच्या. त्या ह्या बटणातून जातात. तिसरी लाल. ती बटणाला वळसा घालून थेट भोंग्याला जाते. ती फक्त धोक्यासाठी."

तिनं फोन करून केबिनमध्ये बसवलेल्या रामहरीला बोलायला लावलं. रामहरी हा प्रकल्पाचा वायरमन. बटण पूर्ण उघडल्यावर चारही भोंगे बोलले. बटण शून्यावर नेलं. भोंगे गप्प.

"आता धोक्याचा खटका दाबून बोला, रामहरीभाऊ."

काही नाही. फोनमधून रामहरीचा आवाज येत होता, भोंगे ठार मुके.

साजियानं डबीचे स्क्रू काढले. काळी जागेवर, पांढरी जागेवर. लाल वायर बाजूला दुमडलेली, टोकाला टेप गुंडाळलेली.

"काल पंचनाम्याच्या फोटोत पण असंच हाय," दादासाहेब म्हणाले. "म्हंजे तुमी ही वायर जोडलीच न्हवती."

"जोडली होती. बटण शून्यावर ठेवून मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"साक्षीदार?"

"माझा भाऊ होता बरोबर. तौसिफला विचारा."

दादासाहेबांनी काखेतल्या फाइलमधून एक कागद काढून तिच्यापुढं धरला.

"इचारलंय. काल संध्याकाळीच जबाब दिलाय त्यानं. तो म्हणतोय, लाल वायर बहिणीनं जोडलीच न्हवती, मला पहिल्यापासनं ठावं होतं, पर थोरल्या बहिणीपुढं बोलता आलं न्हाय."

२

साजियानं जबाब दोनदा वाचला. सही तौसिफचीच होती. आज सकाळी ती निघताना त्यानं तिच्या मीटरमध्ये नवा सेल घालून दिला होता. "आपा, जपून," असंही म्हणाला होता. म्हणजे जबाब देऊन रात्रभर झोपून उठल्यावर त्यानं ते केलं होतं.

"आणखी एक," दादासाहेब म्हणाले. दुसरा कागद छापील होता, जानेवारीतल्या तपासणीचा. 'धोक्याची सूचना, पॅकिंग हॉल' या ओळीपुढं 'ठीक' लिहिलेलं. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग तपासलं कुणी?"

दर तीन महिन्यांनी हे कागद भरायचे असत. कामाच्या गडबडीत तिनं वर्षभराचे कोरे कागद एकदम सह्या करून तौसिफच्या हवाली केले होते. पंधरा ठिकाणची तपासणी एकट्यानं होत नाही, आणि घरच्या माणसाला काय विचारायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

"सोमवारी कागद वर जाणार. निष्काळजीपणानं मृत्यू. तवर काय सांगायचं ते सांगा."

"साहेब, लाल वायरचा टेप काढू?"

दादासाहेबांनी मान डोलावली. साजियानं नखानं टेप सोडवला, पदरानं हात पुसला आणि उघडं तांबं उजेडात धरलं.

"बघा. कधीच न जोडलेल्या वायरचं टोक गोल असतं. हे चपटं झालंय, आणि ही आडवी खूण दिसतीय का? स्क्रूनं दाबल्याची. महिनोन्महिने स्क्रूखाली राहिल्याशिवाय तांबं असं बसत नाही."

दादासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून टोक डोळ्याजवळ नेलं. त्यांच्या घरी शेतावर मोटर होती; स्टार्टरमधली वायर त्यांनी बघितलेली होती.

"जोडलेली होती," ते म्हणाले. "मग सोडवली कुणी? आणि कवा?"

"आधी हे विचारा, साहेब, की मंगळवारी बटण शून्यावर कुणी ठेवलं होतं?"

प्रश्न हॉलभर ऐकू गेला असावा. दारापाशी उभा असलेला एक जाडसर माणूस वळला आणि झपाझप कँटीनच्या दिशेनं चालू लागला. तो हॉलचा सुपरवायझर होता, सर्जेराव.

३

सर्जेराव कँटीनच्या मागं नळावर तोंड धूत होता. साजियाला बघून त्यानं नळ बंद केला नाही.

"मीच ठेवलं व्हतं शून्यावर," तो म्हणाला. "दोन दिस झोप न्हाय मला. फुलाबाई माझ्या हाताखाली सहा वर्सं व्हती."

"रोज ठेवायचा?"

"रोज. डोकं उठायचं ओ ताई. केबिनमधला माणूस गाडीचा नंबर पुकारायचा तरी धोक्याचा खटका दाबून. बटण बंद करा न्हायतर उघडा, भोंगा वरडायचाच. रामहरीला चार येळा म्हटलं, ती वायर तोडून टाक."

"त्यानं तोडली?"

"न्हाय म्हणाला. पर दिवाळीपासनं आपोआप बंद झालं. बटण फिरवलं की समदं गप. मला वाटलं, रामहरीनं ऐकलं माझं."

साजिया तशीच रामहरीकडं गेली. तो पॅनेलच्या खोलीत डबा उघडून बसला होता आणि जेवत नव्हता.

"मी तोडली म्हणतोय व्हय त्यो? तुमच्या कामाला मी कधी हात लावलाय का, ताई? फुटकं डबडं असलं तरी दुसऱ्याच्या वायरीला आमी शिवत न्हाय."

"दिवाळीला काय झालं होतं हॉलमध्ये?"

रामहरीनं आठवून सांगितलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हॉलचे चारही भोंगे एकदम बंद पडले होते. गाणी नाहीत, निरोप नाही, काहीच नाही. त्यानं दुकानात फोन केला, तौसिफ आला आणि तासाभरात चालू करून गेला.

"नवी केबल आणली होती?"

"हात हालवत आल्ता."

"शिडी घेतली तुमच्याकडनं?"

"न्हाय बा. केबिनमध्ये गेला, मंग हॉलमधल्या डबीपाशी गेला, आन चालू झालं. मी म्हटलं, दस्तगीरचाचांचं रक्त हाय."

साजिया बाहेर पायरीवर बसली. गेटपासून हॉलपर्यंत एकशे साठ मीटर केबल, अठरा फूट उंचीवरच्या पाइपातून गेलेली, वाटेत तीन जंक्शन बॉक्स. चारही भोंगे एकदम बंद, म्हणजे पाइपात कुठंतरी काळी किंवा पांढरी तुटलेली. तुटलेली जागा शोधायची तर शिडी लागते, चालू मशीनवर चढावं लागतं, अर्धा दिवस जातो. शिडी न लावता तासाभरात ते भोंगे चालू करायचा एकच मार्ग होता. दोन्ही टोकांना तुटक्या वायरच्या जागी लाल वायर लावायची.

तसं केलं की गाणी वाजतात, निरोप वाजतात, कुणाची तक्रार येत नाही. फक्त धोक्याच्या सूचनेलाही आता बटणातूनच जावं लागतं, आणि बटण शून्यावर असलं तर ती तिथंच मरते.

तौसिफनं काय केलं ते तिला कळलं. पण एक गोष्ट जुळत नव्हती. आज तर डबीत काळी आणि पांढरी दोन्ही आपापल्या जागी होत्या आणि भोंगे त्यांच्यावर बोलत होते. दिवाळीत तुटलेली वायर आपोआप सांधली गेली नव्हती.

गेटकडून एक मुलगी तिच्या दिशेनं आली. वीस-बावीस वर्षांची, डोळे सुजलेले. फुलाबाईची लेक, छकुली.

"तुमीच भोंगेवाल्या ना?" ती म्हणाली. "भांडायला न्हाय आले. येक सांगा. माज्या आईला आवाज यायला पायजे व्हता का न्हाय?"

"यायला पाहिजे होता."

"मंग का न्हाय आला?"

छकुली उत्तराची वाट बघत तिच्यासमोर उभीच राहिली.

४

"शिडी पाहिजे," साजिया दादासाहेबांना म्हणाली. "सगळ्यात उंच."

पहिला जंक्शन बॉक्स गेटजवळचा. त्याचे स्क्रू तीन वर्षांत कुणी हलवले नव्हते, गंजानं जाम बसले होते. आतलं सगळं तिनं ठेवलं तसंच. दुसरा हॉलच्या आत, मधल्या खांबावर होता. खाली रामहरी शिडी धरून उभा, त्याच्याशेजारी मान वर करून दादासाहेब. साजिया वर पोचली आणि थांबली. स्क्रूच्या डोक्यांवर ताजे, चकचकीत ओरखडे होते.

झाकण उघडलं. आत तीन वर्षांची दूध पावडर बसली होती, दमटपणानं खरवडीसारखी घट्ट झालेली, पिवळट. काळी वायर त्या थरात माखलेली, लाल माखलेली. पांढऱ्या वायरला उंदरानं कुरतडल्याच्या खुणा होत्या, आणि त्याच ठिकाणी एक जोड होता. जोडावरचा टेप काळाभोर, स्वच्छ. त्यावर पावडरीचा कण नव्हता.

"साहेब," ती वरूनच म्हणाली, "पांढरी वायर हितं तुटली होती. आणि ती जोडली ती दिवाळीत नाही. दिवाळीत जोडली असती तर चार महिन्यांची पावडर ह्या टेपवर बसली असती, आणि लाल वायरला हात लावायची गरजच पडली नसती. हा जोड दोन-तीन दिवसांतला आहे. फुलाबाई गेल्यानंतरचा."

"कशापायी?"

"लाल वायर पांढरीच्या जागी सापडली असती तर ती कुणी बदलली हे शोधावं लागलं असतं. म्हणून पांढरी सांधून परत जागेवर लावली आणि लाल नुसती सोडून दिली. असं दिसावं की ती मी कधी जोडलीच नव्हती."

बोलता बोलता तिनं टेपचं टोक उचललं आणि उलगडत नेलं. टेपखाली दोरा निघाला. बारीक पांढरा सुती दोरा, मेण लावलेला, वेढ्याला वेढा चिकटवून जोडावर गुंडाळलेला आणि शेवटी गाठ न मारता टोक आत खोचलेलं.

साजिया टेप उलगडायची थांबली.

तौसिफ जोडावर टेप मारून मोकळा व्हायचा. ती स्वतः रबरी नळी चढवायची. मेणदोरा बांधणारा सबंध बारामती-इंदापुरात एकच माणूस तिला माहीत होता. नऊ वर्षांची असताना रेडिओच्या वायरीवर तो दोरा बांधायला तिला त्याच माणसानं शिकवलं होतं, तिची बोटं आपल्या बोटांत धरून.

"काय झालं?" खालून दादासाहेब.

"काही नाही. उतरते."

खाली आली ती सरळ गेटवर गेली. पहारेकरी झुंबरनं वही उघडून दिली. मंगळवार, पाच वाजून दहा मिनिटं. 'दस्तगीर साउंड, तौसिफ, अधिक एक.' मंगळवारी वायू दाबायला मारलेलं पाणी केबिनमध्ये शिरलं म्हणून प्रकल्पातूनच दुकानात फोन आला होता. ती स्वतः तेव्हा इंदापुरात मार्केट यार्डात भोंगे लावत होती. "मी बघतो, आपा, तू नगं येऊस," असं तौसिफ फोनवर म्हणाला होता.

"हा अधिक एक कोण होता, झुंबरभाऊ?"

"म्हातारा बाबा व्हता. पांढरी टोपी, चष्म्याला दोरी. या वयात शिडीवर सरासरा चढला बघा. हॉलमधी मीच धरली शिडी." झुंबर कौतुकानं सांगत होता. "वर पाइपाकडं बघून म्हणाला, किती सरळ काम केलंय बघ. मी म्हटलं, कुणी केलंय? तर म्हणाला, माझ्या पोरीनं."

५

शुक्रवारी सकाळी ती इंदापूरच्या एसटीत बसली आणि तिथून वडापच्या जीपनं बावड्याला उतरली. घराच्या अंगणात दस्तगीर खाटेवर बसून टोपी घडी करत होते. आई, बिबीजान, चुलीपाशी. तौसिफ दाराच्या चौकटीत उभा होता. आदल्या दुपारीच तो बायकामुलांना घेऊन गावी आला होता. बहिणीला बघून तो आत सरकला, पण गेला नाही.

"अब्बा, मंगळवारी बारामतीला कशाला आलता?"

"डोळं दाखवायला."

"आन डोळं दाखवून अठरा फूट शिडी चढलासा?"

दस्तगीरांनी टोपीची घडी दाबली. मग म्हणाले, "दोरा दिसला व्हय तुला?"

"दिसला."

"नुसत्या टेपवर भरवसा न्हाय ठेवता येत," ते सवयीनं बोलून गेले. आणि मग त्यांचा आवाज एकदम हलका झाला, जवळजवळ खुशीत आला. "उंदरानं खाल्लेली जागा अर्ध्या तासात काढली मी. निम्मी लाईन सोडायची, मोजायची, परत तिच्या निम्मी. ह्याला चार म्हयन्यांत जमलं न्हाय ते."

"ह्यानं शोधलीच न्हाय, अब्बा. लाल वायर लावून गेला."

"आपा, मी नंतर करणारच व्हतो," तौसिफ दारातून म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दुसरं काम निघालं. मंग गाणी वाजत व्हती, कुणाची तक्रार न्हवती..."

"जानेवारीत 'ठीक' कुणी लिहिलं? माझ्या सहीवर?"

घरात तौसिफची धाकटी रडायला लागली आणि कुणीतरी तिला घेऊन मागच्या दारानं बाहेर गेलं.

"त्याच्यावर नगं जाऊस," दस्तगीर म्हणाले. "त्याला मी सांगितलं जबाब काय द्यायचा त्यो. हितं बस. बस म्हणतोय ना. ह्येला दोन लेकरं हायत. कोठडीत चार दिस टिकायचा न्हाय ह्यो. तुझं तसं न्हाय. तू येकटी हायस, खंबीर हायस. मी वकिलाला इचारलंय. वायर बदलली आन खोटं लिहिलं तर मोठी केस. वायर जोडायची राहून गेली, तर चूक. चुकीला दंड हाय, जामीन हाय. तुला झेपलं असतं."

"वकिलाला कवा इचारलं?"

"मंगळवारीच. बारामतीला जाताना."

साजियानं मनातल्या मनात हिशेब केला. तौसिफनं अब्बांना बाराला फोन केला असणार. बावड्याहून निघून इंदापूरच्या स्टँडवर गाडी बदलायची, म्हणजे दोनचा सुमार. ती त्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर शिडीवर उभी होती.

"इंदापुरात मी व्हते, अब्बा. तुमाला ठावं व्हतं. त्या दिवशी सकाळीच फोनवर सांगितलं व्हतं मी. तुमी माझ्यासमोरनं गेलासा. फुलाबाई तवा जित्ती व्हती."

बिबीजाननं चहाचा कप आणून खाटेच्या कडेला ठेवला. तिनं लेकीकडं बघितलं नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही, आणि तेव्हा साजियाला कळलं की मंगळवारी अब्बांच्या पिशवीत मेणदोऱ्याचं रीळ कुणी शोधून ठेवलं असेल.

"अम्मी, तुलापण ठावं व्हतं?"

"भाऊ हाय त्यो तुझा," बिबीजान चुलीकडं तोंड करून म्हणाली.

साजिया उठली. चहाला तिनं हात लावला नाही. दस्तगीर पहिल्यांदाच घाईनं बोलले.

"सादे, ऐक. त्यो जोड माझा हाय ह्ये तुझ्याबिगर कुणाला वळखू येणार न्हाय. फौजदाराला दोरा म्हंजे दोरा. तू बोलली न्हाईस तर ह्यो घरातच ऱ्हाईल."

लहानपणीचं नाव त्यांनी कित्येक वर्षांनी घेतलं होतं. ते आत्ता घेतलं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

"अब्बा," ती फाटकापाशी थांबून म्हणाली, "मी खंबीर हाय म्हणून तुमी मला पुढं केलं. आता खंबीर माणूस काय करतंय ते बघा."

६

शनिवारी दुपारी दादासाहेबांनी तिचा जबाब स्वतः लिहून घेतला. तिनं एकेक गोष्ट सांगितली. दिवाळीत पांढरी वायर तुटली आणि शिडी न लावता भोंगे चालू झाले, म्हणजे लाल वायर तिच्या जागी गेली. सर्जेरावला दिवाळीपासूनच बटणानं सगळा आवाज बंद करता येऊ लागला, म्हणजे वायर तेव्हाच बदलली, आणि तेव्हा डबीपाशी गेलेला तौसिफ होता, सर्जेराव किंवा रामहरी नव्हे. त्या दोघांनी वायर तोडली असती तर ती हॉलच्या डबीतच तोडली असती. खांबावरची पांढरी वायर सांधायच्या भानगडीत ते पडले नसते. अपघातानंतर ती सांधण्यात फायदा फक्त ज्यानं ती तशी सोडली होती त्याचा. मंगळवारी पाचनंतर हॉलमध्ये शिडी लावणारी माणसं दोनच होती, आणि पंचनामा बुधवारी झाला.

"दुसऱ्या माणसाचं नाव वहीत न्हाय," दादासाहेब म्हणाले. "झुंबर वळखंल, पर त्यानं त्याला जोड मारताना जवळनं बघितलेलं न्हाय. तुमी कशावरनं म्हणता?"

"जोडावर मेणदोरा आहे. गाठ न मारता टोक आत खोचलंय. दस्तगीर नावाचे मेकॅनिक आहेत बावड्याला. हा त्यांचा हात आहे."

"तुमचं त्यांचं नातं?"

"वडील."

दादासाहेबांची लेखणी थांबली. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्यो कागद एकदा झाला की माझ्या हातात काय राहत न्हाय. घरी जाऊन यायचं असंल तर जा. सोमवार लांब हाय."

"घरूनच आलेय, साहेब. लिहा. आणि कोऱ्या कागदांवर सह्या मी केल्या होत्या, हे पण लिहा."

ते लिहिलं गेलं. त्याची किंमत तिला मोजावी लागली. वर्षभर कुठल्याही कारखान्यानं तिला काम दिलं नाही, आणि दुकानात ती लग्नकार्यातले ॲम्प्लिफायर दुरुस्त करत बसली. तौसिफला अटक झाली आणि एकवीस दिवसांनी जामीन मिळाला. दस्तगीरांना वयामुळं दोनच दिवसांत सोडलं. जबाबाच्या दुसऱ्या दिवशी ती कन्हेरीला जाऊन छकुलीसमोर बसली आणि तिला सगळं सांगितलं, आपल्या सह्यांसकट. छकुलीनं मधे एक शब्द काढला नाही. शेवटी म्हणाली, "आता तुमी जावा," आणि दार लावून घेतलं. त्यात छकुलीची चूक काही नव्हती.

बावड्याहून फोन यायचा बंद झाला. ईदला तिनं स्वतः फोन केला तेव्हा तौसिफच्या बायकोनं उचलला, आवाज ओळखला आणि ठेवून दिला.

खटला उभा राहिला तेव्हा पुढचा हिवाळा आला होता. बारामतीच्या कोर्टात वऱ्हांड्याच्या बाकावर साजिया बसली होती. तौसिफच्या दंडाला धरून दस्तगीर जिना चढून आले. दम लागला होता, हात भिंत चाचपत होता. तिच्या बाकावर दोन माणसं बसतील एवढी जागा होती. ती आणखी कडेला सरकली. दस्तगीरांनी बाकाकडं बघितलं, मग समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. तास झाला, दीड तास झाला. ते बसले नाहीत. तौसिफ दोनदा काहीतरी पुटपुटला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दाराचा पडदा बाजूला झाला. शिपायानं हातातल्या कागदाकडं बघून मोठ्यानं पुकारा केला, "साक्षीदार साजिया दस्तगीर!"

बापानं आणि लेकीनं एकदमच मान वर केली.

"हजर," साजिया म्हणाली, आणि त्यांच्यासमोरून आत गेली.